नाटक कुणी बसवलं?

वाचकहो, नाटक बघून घरी परतताना रिक्षात आपण काय काय बोलतो ते जरा आठवून बघा. "शेवटच्या अंकात काय रडवलं हो तिनं!" "या वयातही आवाज कसा खणखणीत आहे बघ." "ती हिरवी साडी इरकल होती का गं?" नटीबद्दल आपण भरभरून बोलतो. पण घरी पोचल्यावर कुणी विचारलं, की नाटक लिहिलंय कुणी आणि बसवलंय कुणी, तर आपण पर्समधला तिकिटाचा तुकडा शोधायला लागतो. जाहिरातीत ती दोन नावं असतात, पण नटांच्या फोटोंखाली, बारीक टायपात.

आज त्या बारीक टायपातल्या बायकांविषयी लिहायचं आहे. नटींवर आपल्याकडं पुष्कळ लिहून झालंय, आणि ते योग्यच आहे. पण नटीच्या तोंडी वाक्य कुणीतरी दिलेलं असतं. बाईनं काय बोलायचं हे लिहिणारी ठरवते. ते कुठं उभं राहून बोलायचं, कुणाकडं बघून बोलायचं आणि कधी गप्प राहायचं हे बसवणारी ठरवते. घरात जसं स्वयंपाक करणारी एक आणि आज काय करायचं हे सांगणारी दुसरी असते, तसंच हे. आपल्या रंगभूमीनं बाईला स्वयंपाकघरात घेतलं, पण किल्ल्या द्यायला मात्र फार वेळ लावला.

नाटक ही आपल्या भागाला परकी गोष्ट नाही. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनी पाहिले होते, आणि असं काही आपल्या भाषेत करून दाखवा असं त्यांनीच भाव्यांना सांगितलं होतं. 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श' ही मराठी नाटक मंडळी १९०८ साली निघाली ती हुबळीत. म्हणजे मराठी नाटकाचा पाळणा दोन भाषांच्या अंगणातच हलला. एका घरात मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं नवल वाटायला नको.

या अंगणात बायका मात्र नव्हत्या. शकुंतला पुरुष, सुभद्रा पुरुष, भामिनीही पुरुषच. अशा काळात दोन बायकांनी लेखणी हातात घेतली. गंमत अशी, की दोघीही एकाच वर्षी, १८८६ साली जन्मल्या. एकीचं नाव गिरिजाबाई केळकर आणि दुसरीचं हिराबाई पेडणेकर.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'बायकांचे बंड' १९०७ सालचं. बायकांनी बंड केलं तर काय होईल, याची त्यात गंमत होती. गिरिजाबाईंनी त्याला उत्तर दिलं ते नाटकातूनच. १९१३ साली त्यांनी 'पुरुषांचे बंड' लिहिलं. वर्तमानपत्रात पत्र पाठवून किंवा सभेत निषेध करून भागलं असतं. पण त्यांनी खाडिलकरांच्याच अंगणात जाऊन त्यांच्याच खेळानं उत्तर दिलं. पुढे त्यांनी 'आयेषा' आणि 'राजकुंवर' ही नाटकं लिहिली. जळगावात भगिनी मंडळ उभं करून संसारी बायकांना घराबाहेर आणलं. 'द्रौपदीची थाळी' या नावानं आत्मचरित्र लिहिलं. १९२८ साली मराठी नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. बाईनं नाटकात काम करणं हेच जिथं अब्रूचं नव्हतं, त्या काळात संमेलनाच्या खुर्चीवर एक नाटककार बाई बसली होती, हे आपल्या मुलींना सांगण्यासारखं आहे.

हिराबाईंची वाट वेगळी होती. जन्म सावंतवाडीचा, घर कलावंतिणीचं. मुंबईला मावशीकडं वाढल्या, शिकल्या, गाणं शिकल्या, कविता आणि कथा लिहू लागल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्या गुरुस्थानी मानत. त्या काळचे मोठमोठे लेखक त्यांच्या घरी बसून साहित्यावर गप्पा मारत. १९०४ साली, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास त्यांनी 'जयद्रथ विडंबन' लिहिलं. त्यानंतरचं 'संगीत दामिनी' १९१२ सालचं. हे दुसरं नाटक रंगभूमीवर आणलं ते हुबळीत जन्मलेल्या 'ललितकलादर्श'नं. एका बाईचं नाटक, तेही कलावंतिणीच्या घरातल्या बाईचं, व्यावसायिक कंपनीनं करावं ही त्या दिवसांत लहान गोष्ट नव्हती. कंपनी पुरुषांची, त्यामुळं बाईनं लिहिलेल्या बायका पुरुषच रंगवणार, हेही ओघानं आलंच.

पुढे काय झालं? हिराबाई मुंबई सोडून गुहागरजवळच्या पालशेतला राहायला गेल्या. त्या गावी आयुष्याची पुढची वर्षं गेली आणि १९५१ साली त्या वारल्या. 'दामिनी'नंतर त्यांचं नाटक रंगभूमीला मिळालं नाही. घरी येऊन चर्चा करायला सगळे होते, पण बाई म्हणून आणि नाटककार म्हणून एकाच वेळी मान द्यायला फार थोडे होते. वसंत कानेटकरांनी त्यांच्या आयुष्यावर 'कस्तुरीमृग' हे नाटक लिहिलं. आज हिराबाईंचं नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांतल्या बहुतेकांना ते या नाटकामुळं ठाऊक आहे. तिच्यावर लिहिलेलं नाटक माहीत, तिनं लिहिलेलं माहीत नाही.

एकाच वर्षी जन्मलेल्या या दोघींकडं बघताना मला वाटतं, की फरक बुद्धीचा नव्हता. एकीच्या पाठीशी प्रतिष्ठित घर होतं, मंडळ होतं, संमेलन होतं. दुसरीच्या पाठीशी फक्त तिची लेखणी होती. लेखणी पुरेशी असती तर बरं झालं असतं.

तुम्ही म्हणाल, बायकांना रंगमंचावरच बंदी असताना लिहिणं आणि बसवणं दूरच राहिलं. पण तेही सगळं खरं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केवळ बायकांच्या अशा काही नाटक मंडळ्या होत्या आणि त्यांत एक 'बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळी'ही होती. या मंडळ्यांत राजा बाई, प्रधान बाई आणि राक्षसही बाईच. अशा कंपनीत तालीम घेणं, गाणी बसवणं, मुक्कामाची सोय बघणं यांतलं किती काम बायकांच्या हातात असेल याची कल्पना करा. पण नाटकाच्या इतिहासाच्या जाड पुस्तकांत त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. ती मोठी घटना म्हणून आपण शिकतो, आणि ती होतीच. पण त्याआधी आपल्याच गावाचं नाव लावून बायका गावोगाव खेळ करत होत्या, हे आपल्याला कुणी शिकवलं नाही.

कानडी बाजूलाही हीच गोष्ट आहे. आमच्या अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, गोकाकच्या बाजूच्या. कंपनी नाटकाचा विषय काढला की त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज येई. एणगी बाळप्पांचं नाव त्या देवाचं घ्यावं तसं घेत. बाळप्पा आपल्याच जिल्ह्यातल्या एणगी गावचे. तरुणपणी स्त्रीभूमिका करत, पुढे स्वतःची कंपनी चालवली, आणि २०१७ साली वयाची शंभरी ओलांडून गेले. अत्ती त्यांचं कौतुक करता करता मध्येच थांबून म्हणत, "पुरुषानं बाईचं सोंग घेतलं की त्याला शाल मिळते. बाईनं पुरुषाचं घेतलं की शिट्टी."

शिट्ट्यांना न जुमानणारी एक बाई कन्नड रंगभूमीला मिळाली. तिचं नाव आर. नागरत्नम्मा. गुब्बी वीरण्णांच्या कंपनीसारख्या ठिकाणी कामं करून त्या तयार झाल्या आणि १९५८ साली बंगळूरला त्यांनी 'स्त्री नाटक मंडळी' काढली. सगळी पात्रं बायकांची. कंस, रावण, दुर्योधन स्वतः नागरत्नम्मा करत, आणि नाटकं बसवतही त्याच. एवढी वर्षं पुरुष शकुंतला होत होते, तर बाई कंस का होणार नाही? २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या.

गुब्बी वीरण्णांचीच नात बी. जयश्री. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९७३ साली शिकून आल्या आणि १९७६ साली 'स्पंदन' ही संस्था काढली. आजोबांच्या कंपनीतलं गाणं आणि दिल्लीचं शिक्षण या दोन्हींचा त्यांनी मेळ घातला. चंद्रशेखर कंबारांच्या 'करिमायी'चं त्यांनी केलेलं नाटक गाजलं. कंबार आपल्या जिल्ह्यातल्या घोडगेरीचे, म्हणजे माती आपलीच. मराठीत आपण नाटक 'बसवतो' म्हणतो. कन्नडमध्ये 'आडिसु' म्हणतात, म्हणजे खेळायला लावणं, खेळवणं. जयश्रींचं काम समजून घ्यायला मला तो कन्नड शब्द जास्त जवळचा वाटतो.

मराठीत बसवणाऱ्या बाईचं नाव घ्यायचं तर पहिलं ओठावर येतं ते विजया मेहतांचं. जन्म बडोद्याचा, १९३४ सालचा. मुंबईत अल्काझी आणि अदी मर्झबान यांच्याकडं शिकल्या. १९६० साली 'रंगायन' सुरू झालं आणि त्यात त्या पुढे होत्या. १९८९ साली बी. व्ही. कारंतांनी म्हैसूरला संस्था काढली, तिचंही नाव 'रंगायण'. दोन भाषांत एकाच नावाची दोन घरं. विजयाबाईंचं मोठेपण मला वाटतं ते असं, की त्या एका जागी बसल्या नाहीत. प्रायोगिक नाटक केलं, तसंच तिकीटबारीवरचंही केलं. जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' त्यांनी बसवलं, त्यात कामही केलं. अनिल बर्व्यांचं 'हमीदाबाईची कोठी', दळवींचं 'पुरुष', १९८५ साली महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी', ही सगळी नाटकं त्यांची. आणि १९८४ साली जर्मनीतल्या वायमारला जाऊन त्यांनी गिरीश कार्नाडांचं 'हयवदन' जर्मन नटांना घेऊन केलं. धारवाडात वाढलेल्या माणसाचं कन्नड नाटक, बसवणारी बडोद्यात जन्मलेली मराठी बाई, बोलणारे जर्मन. भाषेवरून भांडणाऱ्यांनी थोडा वेळ यावर विचार करावा.

मुलांची नाटकं म्हटली की सुधा करमरकरांना विसरून चालणार नाही. परदेशात जाऊन बालरंगभूमीचं शिक्षण घेतलं आणि १९५९ साली रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगभूमीवर आणलं. मुलांसाठीचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला पाठांतर म्हणून दाखवण्याची वस्तू नव्हे. त्याला नेपथ्य, प्रकाश, गाणं, सगळं मोठ्यांच्या नाटकाइतकंच नीट हवं, हा त्यांचा आग्रह होता. २०१८ साली त्या गेल्या. सई परांजपे यांनी 'सख्खे शेजारी', 'जास्वंदी' अशी नाटकं लिहिलीही आणि बसवलीही. सिनेमामुळं त्यांचं नाव घरोघरी गेलं, पण त्यांच्या नाटकांतलं खेळकर तिखट बोलणं विसरण्यासारखं नाही. अलीकडचं म्हणाल, तर २०१६ साली आलेलं 'अमर फोटो स्टुडिओ' तरुणांनी डोक्यावर घेतलं. ते लिहिलंय मनस्विनी लता रवींद्र या लेखिकेनं. आमच्या शेजारच्या मुलीला त्यातल्या नटांची नावं पाठ होती. लेखिकेचं नाव मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "खरंच? मला वाटलं होतं कुणीतरी दादा असेल."

हे झालं मोठ्या नाट्यगृहातलं. पण बायकांनी नाटक नाट्यगृहाबाहेरही नेलं, आणि मला वाटतं, आपल्यासारख्या गावांना ते अधिक जवळचं आहे. १९८३ साली मुंबईच्या स्त्री मुक्ती संघटनेनं 'मुलगी झाली हो' केलं. लिहिणाऱ्या ज्योती म्हापसेकर, व्यवसायानं ग्रंथपाल. करणाऱ्या संघटनेतल्या बायका, कुणी नोकरी करणाऱ्या, कुणी गृहिणी. ना मोठं नेपथ्य, ना महागडे कपडे. आपल्या ओळखीच्या चालींची गाणी आणि घराघरांतले प्रसंग, एवढ्यावर ते गावोगाव गेलं आणि इतर भाषांतही पोचलं. त्यानंतर १९८९ साली सुषमा देशपांडे यांनी 'व्हय मी सावित्रीबाई' आणलं. लेखन त्यांचंच, प्रयोगही त्यांचाच. एकटी बाई लुगडं नेसून उभी राहते आणि सावित्रीबाई फुले म्हणून तुमच्याशी बोलू लागते. त्याला शाळेचा व्हरांडाही पुरतो. तमाशातल्या बायकांशी बोलून, त्यांचं जगणं ऐकून त्यांनी पुढे 'तिच्या आईची गोष्ट' लिहिलं. फडावर नाचणाऱ्या बाईकडं सगळ्यांनी पाहिलं होतं. तिला विचारायला गेली ती एक लेखिका.

आता एक आपल्या जवळची गोष्ट सांगते. नावं सांगणार नाही, कारण त्या सगळ्यांना याच गावात राहायचं आहे.

शहरालगतच्या एका वस्तीतल्या महिला मंडळात माझं जाणं-येणं आहे. दोनेक वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काहीतरी कार्यक्रम करायचा ठरला. पिठाची गिरणी चालवणारी एक सभासद वही घेऊन आली. गिरणीच्या हिशेबाची वही, मागच्या पानांवर वीस मिनिटांचं नाटुकलं लिहिलेलं. नाव 'साडीचोळी'. गोष्ट साधी. भाऊ बहिणीला जेवायला बोलावतो. पुरणपोळी, तूप, मागे लागून वाढणं. जेवण झाल्यावर साडीचोळी. आणि निघताना अगदी सहज, "उद्या जरा कचेरीत येऊन सही करून जा." हक्क सोडल्याची सही. बहीण मराठीत बोलते, भावजय कन्नडमध्ये, भाऊ दोन्हींत. आपल्या घरांत जसं बोलतात तसंच.

वाचन झालं आणि खोलीत कुणी बोलेना. मग एक म्हणाली, "घरातलं चव्हाट्यावर कशाला?" दुसरी म्हणाली, "पूजेच्या दिवशी असलं नको." मी त्या खोलीत बसलेल्यांकडं बघत होते. २००५ साली कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा मिळाला, हे त्यांतल्या बहुतेकींना माहीत होतं. निम्म्याहून जास्त जणी माहेरी सही देऊन आलेल्या होत्या. आणि जवळजवळ तेवढ्याच जणींच्या सासरी नणंदांनी सही केलेली होती. म्हणजे प्रत्येक बाई नाटकातली बहीणही होती आणि भावजयही. म्हणून तर कुणाला तोंड उघडवत नव्हतं.

दोन बैठका वादात गेल्या. शेवटी करायचं ठरलं. मग प्रश्न आला, बसवणार कोण? लगेच कुणीतरी म्हणालं, "कुणीतरी सर बघूया." तेव्हा भजनी मंडळ चालवणाऱ्या एक काकू म्हणाल्या, "टाळ कुणी धरायचा, कुणी कधी उठायचं, अभंग कुठं थांबवायचा हे वीस वर्षं मीच सांगते की. हे काय वेगळं आहे?" आणि त्यांनीच बसवलं.

शेवटच्या प्रसंगावर लेखिका आणि काकू यांचा चांगलाच वाद झाला. लेखिकेच्या मनात होतं, की हातात पेन घेतलेली बहीण प्रेक्षकांसमोर यावी, तिचे डोळे भरून यावेत. काकूंनी बहिणीला प्रेक्षकांकडं पाठ करून बसवलं आणि समोर उभं केलं ते भावजयीला, हातात तुपाची वाटी देऊन. म्हणाल्या, "सही देणारीचं तोंड सगळ्यांनी बघितलंय. सही घेतात त्या घरातल्या बाईचं तोंड कुणी बघितलेलं नाही." बसवणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही पुस्तकातून इतकं स्वच्छ कळलं नसतं. एक शब्द बदलला नव्हता. फक्त कोण कुठं उभं राहणार ते बदललं होतं, आणि नाटक सगळ्यांच्या घरात शिरलं.

प्रयोग झाला. सही झाली की नाही ते नाटकात दाखवलंच नव्हतं. टाळ्या जरा उशिरा आल्या. वाण घेताना दोघी-तिघी एकमेकींशी न बोलता निघून गेल्या. एका घरानं पुढचे काही महिने मंडळाकडं पाठ फिरवली. एका म्हातारीनं लेखिकेला कोपऱ्यात गाठून विचारलं, "शेवटी केली का गं तिनं सही?" लेखिका म्हणाली, "आज्जी, तुम्ही काय केलं असतं?" म्हातारी म्हणाली, "मी केली की." आणि तिळगूळ देऊन निघून गेली. शेजारच्या गावातून आता या नाटकाला बोलावणं आहे. जायचं की नाही यावर मंडळात अजून दोन मतं आहेत.

यावरून मला कळतं, की लिहिणाऱ्या आणि बसवणाऱ्या बाईची खुर्ची इतकी वर्षं रिकामी का राहिली. नटी रडली तर सगळे टाळ्या वाजवतात. पण बाई लिहायला किंवा बसवायला लागली, की जे घराच्या आत ठेवायचं ठरलेलं असतं ते बाहेर येतं. हिराबाईंच्या काळात हे जितकं अवघड होतं तितकं आज नाही. पण सोपंही झालेलं नाही.

आपल्याला काय करता येईल? नाटक जिवंत राहतं ते पुन्हा पुन्हा केल्यानं. कपाटातल्या पुस्तकाला वाळवी लागते, तशी न खेळलेल्या नाटकाला विस्मृती लागते. 'शाकुंतल' आणि 'मानापमान' आपल्याला माहीत आहेत, कारण ती कुणी ना कुणी करत राहिलं. 'दामिनी' कुणी केलं नाही. आपल्या कायद्याप्रमाणं लेखक गेल्यावर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरचा हक्क संपतो. हिराबाई १९५१ साली गेल्या, म्हणजे २०११ सालच्या अखेरीपासून त्यांचं नाटक करायला कुणाची परवानगी लागत नाही. पूर्ण प्रयोग जमणार नसेल तर जुन्या ग्रंथालयात चौकशी करून प्रत मिळवावी आणि चार जणींनी बसून अभिवाचन करावं. जिच्या नाटकाला हुबळीच्या कंपनीनं रंगभूमी दिली, तिला बेळगाव-धारवाडच्या बायकांनी आवाज द्यावा, यापेक्षा उचित काय असणार? आजच्या लेखिकेचं नाटक करणार असाल, तर मात्र तिची रीतसर परवानगी घ्या आणि मानधन द्या. "बायकांचाच तर कार्यक्रम आहे" म्हणून फुकट मागू नका.

दुसरं काम फक्त आपल्यासारखी घरंच करू शकतात. आपण दोन भाषांत स्वप्नं बघतो. उमा कुलकर्णी मूळच्या बेळगावच्या. भैरप्पांच्या कादंबऱ्या आणि कार्नाडांचं आत्मचरित्र त्यांनी मराठीत आणलं, आणि सारा महाराष्ट्र ते वाचतो. कन्नडमधल्या वैदेही यांनी मुलांसाठी गोड नाटकं लिहिली आहेत, 'नायिमरि नाटक' हे त्यांतलंच एक. सुट्टीत आजीनं ते कन्नडमध्ये वाचावं, नातवंडांनी मराठीत बोलून बघावं. व्हरांड्यात चादर बांधली की पडदा झाला. बसवायला घरातल्या मुलीला सांगा. भावाला कुठं उभं राहायचं हे ती सांगेल आणि तो मुकाट्यानं उभा राहील, हे दृश्यही बघण्यासारखं असेल.

२०१५ सालच्या फेब्रुवारीत नाट्यसंमेलन आपल्या बेळगावात भरलं. अध्यक्षपदी फैयाज होत्या. त्यांच्या गाण्यानं आणि अभिनयानं ज्यांचं तारुण्य सजलं, त्या सगळ्यांना कृतकृत्य वाटलं. मलाही वाटलं. पुन्हा कधी संमेलन आपल्या दारी येईल तेव्हा त्या खुर्चीवर एखादी नाटक लिहिणारी किंवा बसवणारी बाई असावी, आणि ती आपल्याच भागातली असावी, अशी माझी इच्छा आहे.

तोवर एक विनंती. तुमच्या आईनं, आज्जीनं, आत्यानं शाळेसाठी, गणपतीसाठी, मंडळासाठी कधी नाटुकलं लिहिलं असेल, बसवलं असेल, तर ती वही रद्दीत टाकू नका. माळ्यावरच्या ट्रंकेत बघा, हिशेबाच्या वह्यांची मागची पानं उलटून बघा. मिळालं तर आम्हाला पत्रानं कळवा. मराठी असो की कन्नड, दोन्ही चालेल. आणि कुठंही ते छापाल किंवा कराल, तेव्हा लिहिणारीचं आणि बसवणारीचं नाव जरा मोठ्या टायपात घाला.